पाकिटावरचं दुसरं नाव

(ज्येष्ठ नागरिकांसमोर कोल्हापुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘सिरोसिस आणि रोजचं जगणं’. त्यावर बोलणारच आहे. पण आधी गुडघ्याचं सांगू द्या, कारण मला आयसीयूत नेलं ते गुडघ्यानं.

सहा वर्षांपूर्वी सिरोसिसचं, म्हणजे लिव्हर कडक आणि निकामी होत जाण्याचं, निदान झालं. दारूला मी कधी शिवलो नाही. मधुमेह, सुटलेलं पोट आणि लिव्हरवरची चरबी, एवढं पुरलं. हिपॅटायटिस बी आणि सीनंही लिव्हर असंच दगड होतं. तरी भेटायला येणारा प्रत्येक जण बायकोला बाजूला घेऊन विचारतो, “कधीपासून घेत होते?” ती बिचारी सांगून सांगून थकली. आणि समजा घेत असते, तर दुखणं कमी असतं का? पेशंटला असलं विचारू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

तर गुडघा. रोज सकाळी रंकाळ्यावर फेरी मारायचो. पावसाळा लागला आणि गुडघा धरला. लिव्हरच्या माणसाला पॅरासिटामॉल म्हणजे विष, असं कुठंतरी कानावर पडलेलं. म्हणून ते टाळलं आणि मेडिकलमधून ‘दुखण्यावरची एखादी’ मागितली. कात्रीनं कापून चार गोळ्या हातात ठेवल्या, नाव दुकानातल्या तुकड्यावरच राहिलं. उतार असा पडला, की मग अख्खं पाकीटच आणलं. दहा दिवसांत लघवी कमी झाली, पाय सुजले, पोट नगाऱ्यासारखं ताणलं, लेंग्याची नाडी पुरेना.

दवाखान्यात डॉक्टरांनी ते पाकीट मागवलं, उलटं केलं आणि ट्यूबलाइटखाली धरलं. चंदेरी कागदावर मुंगीएवढ्या अक्षरांत दोन नावं. एसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल. ज्याला भ्यालो होतो ते त्यात होतंच, आणि ज्यानं घात केला त्याचं नाव मला माहीतही नव्हतं!

एसिक्लोफिनॅकच्याच भाऊबंदांतलं दुखण्यावरचं औषध म्हणजे डायक्लोफिनॅक. ते दिलेली जनावरं मेली, त्यांचं मांस गिधाडांनी खाल्लं, गिधाडांच्या किडन्या गेल्या आणि आभाळ रिकामं झालं. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. धडधाकट माणसाला चार दिवस असली गोळी सोसते. सिरोसिसमध्ये मात्र किडनीला रक्त मिळावं म्हणून शरीर आधीच धडपडत असतं. ती धडपड ज्या द्रव्यांवर चालते, तीच ही गोळी बंद करते. लघवी अडते, पोटात पाणी साठतं. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते ती वेगळीच. आयबुप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळीचंही तेच. उलट पॅरासिटामॉल, डॉक्टरांना विचारून, दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, म्हणजे पाचशेच्या जास्तीत जास्त चार गोळ्या, बहुतेकांना चालतं. सर्दीच्या गोळीतही ते असतं, तेही त्यात मोजायचं.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. भराभर सांगतो.

पोटात पाणी होत असेल तर मीठ दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, तेही सगळं मिळून. लोणचं, पापड, फरसाण बंद. तांबडा-पांढरा घरी करा, मीठ हात राखून. मटणाला भिऊ नका. सिरोसिसमध्ये दंडा-मांड्यांचं मांस झडतं, प्रथिनं हवीतच. अंडी, डाळ, दही, जे झेपेल ते. उपास नको. रात्री झोपण्याआधी चार घास खाऊनच आडवं व्हा.

पोटऱ्यांत गोळे येतात, रात्री माणूस ओरडत उठतो. पाय ताणा, चोळा, आणि डॉक्टरांना सांगा. लघवीच्या गोळ्यांनी क्षार कमी झालेत का, ते रक्त तपासून कळतं.

लिव्हरनं न गाळलेली घाण मेंदूवर चढू नये म्हणून शौचाला दिवसातून दोन-तीनदा मऊ व्हायलाच हवं, लॅक्ट्युलोज हे पोट साफ करणारं पातळ औषध त्यासाठीच आहे, कंटाळून सोडू नका. झोपेची गोळी मनानं नको. माणूस दिवसा झोपायला लागला, रात्री जागा राहिला, बोलणं तुटक झालं, हात फडफडायला लागले, तर घरच्यांनी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, आणि एंडोस्कोपी, म्हणजे नळी घालून अन्ननलिकेतल्या त्या शिरा बघणं, कधी करायची ते विचारून ठेवा.

झालं. पण जाऊ नका. ज्यांनी घरच्या गोळ्या आणल्यात त्यांनी चहाच्या टेबलाशी या, भिंग मी बरोबर आणलंय.