तिसऱ्या रात्रीचा मेसेज

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय ते बाळाला पाजणाऱ्या आईला, विशेषतः अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय आईला, मोबाइलच्या मेसेजची कितपत मदत होते याविषयी.

बाळंतपणानंतरची तिसरी रात्र. बाळ रडतंय, छाती दगडासारखी घट्ट झालीय आणि बाळाला काही केल्या ओढता येत नाहीये. माझ्या वेळी शेजारच्या अंथरुणावरून आई उठली. दिवाही न लावता तिनं बाळाला माझ्या पोटाशी पोट लावून धरलं, म्हणाली, "नुसतं बोंड नको गं, भोवतालचा काळा भागही तोंडात जाऊ दे." आणि पुन्हा झोपली. दोन मिनिटांचं काम.

अमेरिकेतल्या कितीतरी कृष्णवर्णीय घरांत हे सांगणारं कुणी नसतं. आई असते, पण तिनं स्वतः कधी पाजलेलं नसतं. गुलामगिरीत या बायकांना आपलं तान्हं बाजूला ठेवून मालकाच्या मुलांना पाजावं लागे. ती सल पिढ्यान्‌पिढ्या राहिली. मग डब्याचं दूध आलं. 1946 साली उत्तर कॅरोलिनात एका गरीब कृष्णवर्णीय घरात एकसारख्या चार मुली एकदमच जन्मल्या, तर डब्याच्या दुधाच्या कंपनीनं त्यांनाच जाहिरातीत उभं केलं! 2015 मध्ये जन्मलेल्या गोऱ्या बाळांपैकी सुमारे 86 टक्के बाळांना आईचं दूध निदान सुरू तरी झालं. कृष्णवर्णीय बाळांत हा आकडा 69 टक्के होता.

आईची उणीव मोबाइल भरून काढणार, हे ऐकून मला आधी हसू आलं होतं. पण 2010 साली अमेरिकेत 'टेक्स्टफोरबेबी' ही सेवा सुरू झाली. 'बेबी' एवढा शब्द 511411 या क्रमांकावर पाठवायचा, बाळंतपणाची तारीख सांगायची, की आठवड्याला तीन मेसेज फुकट. तारखेवरून हिशेब असल्यामुळे त्या त्या आठवड्याचीच गोष्ट हातात येई. खोट एकच: हे सगळं एकतर्फी. तिसऱ्या रात्री बाईला सल्ल्याइतकंच विचारायचंही असतं.

विचारायचं काय, तर "मला दूधच येत नाही." पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक, तोही चमचा-दोन चमचे. बाळाला तेवढा पुरतो, पण आईला वाटतं बाळ उपाशी राहिलं. मग बाटली येते, बाळ कमी ओढतं, आणि ओढणं कमी झालं की दूधही कमी बनतं. म्हणून ते पहिले दोन दिवस फार मोलाचे.

कनेक्टिकट राज्यात नेमकं हेच हेरलं गेलं. तिथल्या एका प्रयोगाचं नाव 'लॅच'. बाळानं स्तन नीट तोंडात धरण्यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे. गरीब आया आणि बाळांसाठीच्या सरकारी पोषण योजनेत, सगळ्याच समाजांच्या बायकांसाठी, हा प्रयोग झाला. मेसेज यायचा, आईनं उत्तर लिहायचं, आणि ते वाचायची स्वतः मुलं पाजलेली एक मार्गदर्शक बाई. बाळ झाल्यावर 48 तासांच्या आत तिच्याशी बोलणं झालेल्या आयांचं प्रमाण मेसेज मिळणाऱ्यांत कितीतरी जास्त होतं. मला विचाराल तर जादू मेसेजची नाहीच, पलीकडे माणूस आहे त्याची आहे.

आपल्याकडे मुंबईच्या 'आरमान' संस्थेनं 'एममित्र'मध्ये अक्षरांऐवजी आवाज निवडला. आईच्या भाषेत, तिच्या सोयीच्या वेळी फोन वाजतो. वाचता न येणाऱ्या बाईलाही तो ऐकता येतो.

आता अमेरिकेतली खरी अडचण. देशभर लागू असलेली पगारी बाळंतपणाची रजा तिथं नाही. 1993 च्या कायद्यानं 12 आठवडे मिळतात, तेही बिनपगारी आणि सगळ्यांना नाहीत. घरभाडं द्यायचं म्हणून बाई दोन-तीन आठवड्यांतच गोदामात किंवा हॉटेलात कामावर उभी राहते. दूध काढायला वेळ आणि आडोसा द्या, असं कायदा म्हणतो खरा. पण कामाच्या पाळीवर असताना तिचा फोन लॉकरमध्ये असतो, आणि आज बाळाला किती वेळा पाजलं, असं विचारणारा मेसेज त्या बंद दाराआड येऊन पडतो.