रेझिन लाकडात मुरवायचंय की साच्यात ओतायचंय? आधी हे ठरवा, मग पंप घ्या

नमस्कार मंडळी. हा हातातला ठोकळा आंब्याचा आहे. बुरशीने आत काळ्या रेघा काढल्यात, दिसायला अप्रतिम, पण नखाने दाबलं तरी खचतो. याची सुरीला मूठ करायची तर आधी आत रेझिन, म्हणजे पातळ असताना ओतलं की नंतर घट्ट होणारं द्रव्य, मुरवून तो कडक करायला हवा. आणि हा दुसरा बघा, लाकडाच्या तुकड्याभोवती निळं रेझिन ओतलंय, पेनासाठी.

दोन्ही कामांत त्रास हवेचाच. पण पहिल्यात ती लाकडातून बाहेर काढायची असते आणि दुसऱ्यात रेझिनमध्ये आहे तिथेच दाबून टाकायची. म्हणून पहिल्याला डब्यातली हवा ओढून घेणारा व्हॅक्यूम पंप, दुसऱ्याला प्रेशर पॉट, म्हणजे कॉम्प्रेसरने हवा दाबून भरायची टाकी. "दादा, एकाच डब्यात दोन्ही होईल का?" असं बरेच जण विचारतात. नाही होणार. व्हॅक्यूमच्या डब्यावर झाकण नुसतं ठेवलेलं असतं, बाहेरची हवाच ते दाबून धरते. त्यात कॉम्प्रेसरची हवा भरलीत तर झाकण उडेल.

आधी व्हॅक्यूम. एसी दुरुस्त करणारे वापरतात तो ऑइलवाला पंप या कामाला चांगला. खोक्यावर सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा ओढतो त्याचा, आकडा मोठा असेल तर डबा लवकर रिकामा होतो, एवढंच. व्हॅक्यूम किती खोल जाणार ते त्या आकड्यावर ठरत नाही. मुठीचे चार ठोकळे करणाऱ्याला छोटा पंप पुरतो.

आता गेज. मी पुण्यात काम करतो. सुरुवातीला काटा २८ इंचांच्या (पाऱ्याच्या इंचांत मोजतात) पुढे जाईना. मी गॅस्केट बदललं, सगळे जोड पुन्हा आवळले, शेवटी पंपच खराब आहे असं ठरवून बसलो. पंप ठणठणीत होता. समुद्रकाठी हवेचा दाब साधारण ३० इंच असतो, पुणे ५६० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे तो २८च्या आसपासच भरतो. महाबळेश्वरला काटा २५ला थांबला तरी ते जवळपास पूर्ण व्हॅक्यूम आहे. तुमच्या गावची उंची बघा आणि मगच दुकानदाराशी बोला.

आता डब्यात ठोकळा रेझिनमध्ये बुडवून पंप चालू करायचा. चहात खारी बुडवली की बुडबुडे येतात ना, तसेच ते रेझिनमधून वर येतात. पण त्या वेळी रेझिन आत शिरत नसतं, फक्त जागा रिकामी होत असते. बुडबुडे थांबले की हवा परत आत सोडायची. बाहेरचा दाब रेझिनला लाकडात ढकलतो, तो तेव्हा. मग जितका वेळ व्हॅक्यूम लावला त्याच्या निदान दुप्पट वेळ ठोकळा रेझिनमध्ये बुडालेलाच ठेवा. घाई करणाऱ्यांचे ठोकळे इथेच कोरडे राहतात. आणि त्याआधी लाकूड १०५ अंशांवर दिवसभर भट्टीत वाळवलेलं हवं, नाहीतर पाण्याची वाफ पंपाच्या ऑइलमध्ये जाऊन ते दुधाळ होतं. मुरवण्याचं रेझिन पुढे ९० ते ९५ अंशांवर पक्कं होतं. त्यासाठी घरातला स्वयंपाकाचा ओव्हन कृपा करून वापरू नका. सागावर मात्र वेळ घालवू नका. त्यात स्वतःचंच तेल असतं, रेझिन नीट मुरत नाही.

आता प्रेशर पॉट. इथे मी पैशाची काटकसर करू देणार नाही. रंगकामाची प्रेशर टाकी बरेच जण वापरतात, पण तिच्यावर लिहिलेला कामाचा दाब आधी वाचा. ओतकामाला साधारण ३ ते ४ किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाब लागतो. ३ किलोला बुडबुड्याचं आकारमान चौथ्या हिश्शावर येतं, डोळ्याला दिसेनासं होतं. रेझिन घट्ट होईपर्यंत तो दाब तसाच टिकला पाहिजे, मध्येच सोडलात तर बुडबुडे परत फुगतात.

आणि हा हिशोब ऐका. २५ सेंटिमीटर व्यासाचं झाकण, ४ किलो दाब, म्हणजे झाकणावर आतून जवळजवळ २ टन जोर. म्हणून घरचा कुकर नको, तो साधारण १ किलोसाठी बनवलेला असतो. पीव्हीसी पाइपचा पॉट तर अजिबात नको, हवेच्या दाबाने तो फुटला की तुकडे गोळीसारखे उडतात. सेफ्टी व्हॉल्व्ह चालतो का, ते दर वेळी कडी ओढून बघा.

काम झाल्यावर आधी हवा सोडायची. काटा शून्यावर आला, सूं-सूं आवाज पूर्ण थांबला, की मगच पहिल्या क्लॅम्पला हात लावायचा.