पुन्हा कुणाला तरी भेटायचंय

(दृश्य: ठाणे स्टेशनबाहेरची सकाळची गर्दी. मग मराठी ग्रंथ संग्रहालयाची पाटी, आत कपाटांच्या रांगा.)

निवेदन:

ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय सुरू झालं १८९३ साली. त्याच वर्षी पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई विधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. या लग्नापायी मुरुडने, कर्व्यांच्या स्वतःच्या गावाने, त्यांना वाळीत टाकलं. दुसऱ्या लग्नाचा विषय निघाला की आजही आपल्याकडे आवाज आपोआप खाली येतो, चेहरे गंभीर होतात. त्यात नवल नाही. माणसांनी त्यासाठी फार सोसलंय.

पण आज आपण बोलणार आहोत ते हसवणाऱ्या पुस्तकांबद्दल. घटस्फोट झालाय, धूळ खाली बसलीय, आणि आता पुन्हा कुणाला तरी भेटायचंय, अशा माणसांच्या हलक्याफुलक्या प्रेमकथांबद्दल.

(दृश्य: लोकलमध्ये खिडकीशी बसून वाचणारी एक स्त्री. चेहरा दिसत नाही, पुस्तकावरची बोटं दिसतात.)

इंग्रजीत अशा कादंबऱ्या भरपूर आहेत. ठरलेला साचा असा: नायिका चाळिशीच्या आसपास, एखादं मूल, शनिवार-रविवारी मुलाला न्यायला येणारा माजी नवरा, आणि परस्पर अॅपवर प्रोफाइल टाकून देणारी मैत्रीण. पहिल्या दोन-तीन भेटी पार फसतात. शेवट गोड होणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असतं. म्हणूनच ही पुस्तकं ‘टाइमपास’ म्हणून बाजूला ठेवली जातात. मला ते मान्य नाही. शेवट ठाऊक असल्यामुळेच वाचणारी व्यक्ती निर्धास्तपणे मधल्या भीतीकडे बघू शकते. आणि भीती खरी असते: परत चुकलं तर? मुलीला काय वाटेल? चार लोकांत काय सांगायचं?

(दृश्य: जुन्या कृष्णधवल चित्रपटांची पोस्टर्स.)

घटस्फोटावरचा विनोद नवा नाही. १९३० आणि ४० च्या दशकांत हॉलिवुडमध्ये अशा विनोदी चित्रपटांची मोठी लाट आली. स्टॅन्ली कॅव्हेल या तत्त्वज्ञाने १९८१ मध्ये त्यांच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि त्या प्रकाराला नाव दिलं ‘पुनर्विवाहाची विनोदिका’. तिथे जोडपं विभक्त होतं, भांडतं, आणि शेवटी पुन्हा एकमेकांकडेच येतं.

मग १९८३ मध्ये नोरा एफ्रॉन यांची ‘हार्टबर्न’ ही कादंबरी आली. नायिका पाककृती लिहिणारी, सात महिन्यांची गरोदर, आणि नवऱ्याचं बाहेर प्रकरण. एफ्रॉन यांच्या स्वतःच्या मोडलेल्या संसारावर बेतलेली ही गोष्ट वाचताना हसू आवरत नाही, मधेच पदार्थांच्या कृतीही येतात. १९९६ मध्ये टेरी मॅकमिलन यांच्या कादंबरीतली स्टेला आली: बेचाळीस वर्षांची, घटस्फोटित, एका मुलाची आई. जमैकाला सुट्टीवर जाते आणि निम्म्या वयाच्या तरुणाच्या प्रेमात पडते. आता गोष्ट जुन्या नवऱ्याकडे परत जात नव्हती, पुढे जात होती.

(दृश्य: गडकरी रंगायतन. समोर तलावपाळी.)

मराठी माणसाला लग्नावर हसता येत नाही असं कोण म्हणेल? देवलांचं ‘संशयकल्लोळ’, अत्र्यांचं ‘लग्नाची बेडी’ यांनी थिएटरं दणाणून सोडली. पण ते हसू लग्नाच्या आतलं. लग्न संपल्यानंतरच्या माणसाला आपण सहानुभूती देतो, सल्ला देतो, स्थळं सुचवतो. त्याच्यासोबत हसायला अजून थोडे कचरतो.

म्हणून समजा, अशी एक गोष्ट ठाण्यात घडतेय.

(दृश्य: नौपाड्यातली जुनी इमारत. मग घोडबंदर रोडवरचे टॉवर आणि संध्याकाळचं ट्रॅफिक.)

ती नौपाड्यात, माहेरच्या घरी. तो कासारवडवलीला, वडिलांसोबत. विशीतल्या नायिकेच्या वाटेत घरचा नकार असतो. हिच्या वाटेत वेळापत्रक आहे. मुलीचा, पिंकीचा, दहावीचा क्लास सुटतो सातला, त्याच्या वडिलांचा फिजिओथेरपिस्ट येतो साडेसहाला, आणि मधे घोडबंदर रोड आहे. भेटायचं कुठे? तलावपाळीवर नको, तिथे शाळेतल्या बाईंपासून पोळीवाल्या काकूंपर्यंत सगळेच फेरी मारायला येतात. शेवटी ठरतं रविवारी सकाळी, मामलेदारची मिसळ.

(दृश्य: मिसळीची प्लेट, अगदी जवळून. लाल तर्री, वरून फरसाण, बाजूला पाव.)

मिसळ कमी तिखट मिळते, मध्यम मिळते, तिखटही मिळते. तो तिखट मागवतो. त्याला खरं तर तिखट झेपत नाही. टेबलावर शेजारी एक अनोळखी आजोबा बसलेत, कारण गर्दीत टेबल वाटून घ्यावंच लागतं. दुसऱ्या घासाला त्याच्या कपाळावर घाम, तिसऱ्याला डोळ्यांत पाणी. ती पर्समधून मुलीचा रुमाल काढून पुढे करते, त्यावर कार्टूनमधलं मांजर. आजोबा न विचारता सांगतात, "ताक मागवा." नाक गळत असताना छाप पाडता येत नाही. मग तो प्रयत्न सोडून देतो, आणि खरी ओळख तिथून सुरू होते.

त्या टेबलावर दोघांच्या घटस्फोटाला कुणी हसत नाही. हसू येतं ते विसरलेली एक गोष्ट पुन्हा शिकताना होणाऱ्या धांदलीचं.

(दृश्य: न्यायालयाबाहेरचा बाक, फायली घेतलेले हात.)

अशा गोष्टीला इथला कायदाही कथानक पुरवतो. हिंदू विवाह कायदा १९५५ चा, पण परस्पर संमतीने घटस्फोटाची तरतूद त्यात आली १९७६ साली. एक वर्ष वेगळं राहिल्यावर अर्ज करायचा, मग आणखी सहा महिने थांबायचं. योग्य प्रकरणात हे सहा महिने न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. पण तारीख मिळेपर्यंत माणूस ना इकडचा, ना तिकडचा. सोसायटीच्या फॉर्मवर काय भरायचं? फ्लॅटचा हप्ता अजून दोघांच्या नावावर, त्याचं काय?

इथे एक तक्रार नोंदवायला हवी. या प्रकारातल्या फार पुस्तकांत पैशाची चणचणच नसते, आणि माजी नवरा सरळसरळ खलनायक असतो. पोटगी, कर्ज, भाड्याने घर बघताना घटस्फोटित बाईला होणारी उलटतपासणी, हे सगळं गाळलं की विनोद पोकळ होतो. ज्या लेखिका ते आत घेतात, त्यांचं हसू टिकतं.

(दृश्य: दिवाळी पहाट, राम मारुती रोड, नटूनथटून आलेली तरुण मुलं.)

आणि मराठीत कुणी हे लिहायला घेतलंच, तर माझी एक विनंती आहे. दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर दोघांच्या मुलांनी एकमेकांना गाठावं आणि आईबाबांची गंमत करावी, हे तर हवंच. पण एक प्रकरण माजी सासूबाईंना द्या. कोर्टाच्या कागदावर नवरा-बायको वेगळे होतात. नातीची आजी मात्र आजीच राहते. ती उन्हाळ्यात कुरडयांचा डबा पाठवते, लोणच्याच्या मिठाचं प्रमाण विचारायला फोन येतो तोही तिलाच. अशा नात्याचं काय करायचं हे कुणीच शिकवलेलं नाही, म्हणून तिथे लेखिकेला मोकळं रान आहे.

(दृश्य: स्वयंपाकघर. फोन स्पीकरवर, हात कैरीच्या फोडींत.)

मिठाचं सांगून होतं. मग पलीकडून सासूबाई विचारतात, "आणि तो कासारवडवलीचा कोण गं? पिंकी म्हणत होती, मिसळ खाऊन रडला."

ती म्हणते, "आई, आम्ही नुसते भेटतोय."

"बरं. मग कैरी जरा जास्त घे. त्यालाही एक बरणी होईल."