खेळ दुसऱ्याच्या हातात द्या

नमस्कार. छोटे गेम कसे बनवायचे यावर मी बोलावं असं ठरलं आहे, आणि त्यावर बोलणारच आहे. पण सुरुवात एका अंगठ्यापासून करते.

मी पूर्ण केलेला पहिला गेम अगदी साधा होता. एक चौकोनी पात्र, हवेत तरंगणाऱ्या काही फळ्या आणि शेवटी एक दार. उड्या मारत दारापर्यंत पोहोचायचं, बस्स. तीन महिने मी तो रोज खेळत होते आणि मला तो फारच सोपा वाटत होता. मग गेम बनवणाऱ्यांच्या एका बैठकीत तो एका अनोळखी मुलीच्या हातात दिला. पहिल्याच फळीच्या टोकावरून ती सहा वेळा खाली पडली. दर वेळी बटण दाबत होती, पण किंचित उशिरा, पात्राचे पाय फळीवरून निसटल्यावर. सातव्यांदा पडली तेव्हा तिने कंट्रोलर खाली ठेवला आणि म्हणाली, "मला असले गेम जमत नाहीत."

ते वाक्य मला अजून टोचतं, कारण चूक तिची नव्हती. माझा कोड म्हणत होता, पाय फळीला टेकलेले असतील तरच उडी. नियम तर्काला धरून होता, पण माणूस तसा खेळत नाही. तो अगदी टोकापर्यंत धावतो, डोळ्यांना टोक दिसतं, अंगठ्यापर्यंत हुकूम पोहोचतो आणि तेवढ्यात पाय निसटलेले असतात. यावर जुना आणि सुंदर उपाय आहे. त्याला 'कोयोटी टाइम' म्हणतात. कार्टूनमधला तो कोयोटी, लांडग्यासारखा प्राणी, कडा संपल्यावरही हवेत क्षणभर धावत राहतो ना, त्यावरून हे नाव पडलं. फळी सुटल्यानंतरही थोडा वेळ उडी चालू द्यायची. पडद्यावर सेकंदाला 60 चित्रं, म्हणजे फ्रेम, धरल्या तर 6 फ्रेम, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. खेळणाऱ्याला हे कधी कळतही नाही. त्याला वाटतं, आज आपला हात छान बसलाय.

याचीच भावंडं आणखी आहेत. जमिनीला टेकण्याच्या जरा आधी बटण दाबलं गेलं तर ते लक्षात ठेवायचं आणि पाय टेकताच उडी द्यायची. बटण लवकर सोडलं तर उडी आखूड करायची. वर जाताना गुरुत्वाकर्षण कमी आणि खाली येताना जास्त ठेवायचं, म्हणजे पात्र फुग्यासारखं तरंगत नाही. नुसत्या उडीत एवढं काम असतं. आणि यातलं काहीही मला घरी एकटीने बसून सुचलं नसतं, कारण माझ्या अंगठ्याने माझ्या चुका पाठ केल्या होत्या. आपला गेम पहिल्यांदा खेळणं कसं असतं, हे जगात फक्त एकाच माणसाला कळू शकत नाही. तो माणूस म्हणजे बनवणारा.

म्हणून माझा आग्रह आहे की गेम छोटा ठेवा. छोटा गेम लवकर दुसऱ्याच्या हातात जातो, एवढं एक कारण मला पुरतं.

छोटा म्हणजे किती? मी क्रियापदं मोजते. एका गेमला एकच क्रियापद: उडी मारणं, ढकलणं, लपणं. 'बाबा इज यू' या गेममध्ये ढकलणंच आहे, फक्त ढकलायचे ठोकळे म्हणजे खेळाच्या नियमांचे शब्द आहेत. 2017च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये, म्हणजे ठरलेल्या थोड्या तासांत गेम बनवायच्या मेळाव्यात, तो जन्मला, पुरा होऊन 2019मध्ये आला. 'सेलेस्ट' हा उड्यांचा गेम आधी 2015मध्ये चार दिवसांत पिको-8 या संगणकावरच्या काल्पनिक छोट्या कन्सोलवर तयार झाला, मोठा 'सेलेस्ट' 2018चा. पिको-8चा पडदा 128 बाय 128 ठिपक्यांचा आणि रंग सोळाच. नवख्या माणसाला ही मर्यादा मोठा आधार असते, कारण निम्मे प्रश्न ती आधीच सोडवून ठेवते.

यावर कुणीतरी 'स्टारड्यू व्हॅली' या शेतीच्या गेमचं नाव घेतंच. एरिक बॅरोनने एकट्याने चार वर्षांहून जास्त काळ खपून, चित्रं, संगीत, कोड सगळं स्वतः करून, 2016मध्ये तो आणला. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण पहिल्या गेमसाठी तो नमुना डोळ्यांसमोर ठेवलेले कितीतरी जण मी पाहिले, आणि त्यांच्या गेममधलं एक शेतही कधी कुणी नांगरलं नाही.

इंजिन, म्हणजे गेम ज्यात बनवतात ते सॉफ्टवेअर, कोणतं, हा प्रश्न नेहमी येतो. गोडो 2014पासून मुक्तस्रोत आहे. युनिटी आहे, गेममेकर आहे. 'अंडरटेल' हा गेम गेममेकरमध्येच बनला. 2023मध्ये युनिटीने प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं, वर्षभराने मागे घेतलं. तेव्हा बरेच जण गोडोकडे वळले. माझा सल्ला साधा आहे. तुमच्या गटातले लोक जे वापरतात ते घ्या. रात्री अकराला पात्र भिंतीतून आरपार जायला लागतं तेव्हा ज्याला फोन करता येईल, त्याचं इंजिन ते आपलं इंजिन.

आता गटाबद्दल. जवळपासचे डेव्हलपर महिन्यातून एकदा भेटतात हे माहीत असूनही लोक वर्ष वर्ष जात नाहीत. विचारलं तर म्हणतात, "दाखवण्यासारखं झालं की येईन." हे उलटं आहे. राखाडी ठोकळे घेऊन या. चित्रं सुंदर झाली की लोक चित्रांचं कौतुक करतात आणि उडीतला दोष सांगायचा राहून जातो. शिवाय तोवर तुमचाही जीव त्या चित्रांत अडकलेला असतो.

गेम दिल्यावर गप्प बसा. हे फार अवघड आहे. समोरचा चुकीच्या बाजूला जाताना दिसतो आणि "तिकडे नाही, डावीकडे" हे ओठांवर येतं. ते गिळा. गेम घरोघरी जाईल तेव्हा त्याच्याबरोबर तुम्ही नसणार. वहीत लिहा: कुठे थांबला, कुठे पुढे झुकला, कोणता मजकूर न वाचता पुढे गेला. खेळून झाल्यावर "आवडला का?" विचारू नका, समोर बसलेला माणूस हो म्हणणारच. "इथे काय करायचं आहे असं वाटलं?" हे विचारा. सुचवलेले उपाय ऐकून घ्या, पण लगेच करू नका. त्या दिवशी एकाने मला फळ्या लांब करायला सांगितलं होतं. केल्या असत्या तरी ती मुलगी पडलीच असती, फक्त थोडी पुढे जाऊन.

आणखी एक. पहिल्यांदा खेळणारा माणूस प्रत्येक गेमला एकदाच मिळतो. एकाच संध्याकाळी सगळ्या गटाला खेळवू नका. दोघांना द्या, दुरुस्ती करा, पुढच्या वेळी आणखी दोघांना.

याची परतफेडही असते. दाखवायला दहा जण आणि खेळायला कुणीच नाही, अशी बैठक चार महिन्यांत बंद पडते. दुसऱ्यांचे गेम खेळा, मन लावून खेळा. कोड येत नसेल तरी या. आवाज करणारे, लिहिणारे, चित्रं काढणारे लागतातच, आणि गेम कधीच न खेळलेला माणूस तर सगळ्यांत मोलाचा.

ओळख पटकन व्हायला गेम जॅमसारखं काही नाही. लुडम डेअर हा ऑनलाइन जॅम 2002मध्ये सुरू झाला. ग्लोबल गेम जॅम 2009पासून होतो, जगभर ठिकठिकाणी लोक एकत्र बसून त्यात गेम बनवतात. साधारण 48 तास, एक विषय, अनोळखी जोडीदार. पहिल्या पाच-सहा तासांत काहीतरी हलतं-खेळतं हवं, आवाज पहिल्याच दिवशी घाला आणि झोपा. शेवटचे काही तास फक्त बिल्ड, म्हणजे गेमची तयार फाइल, दुसऱ्याच्या संगणकावर चालतो का हे बघण्यासाठी राखून ठेवा, कारण तुमच्या फोल्डरमधला फॉन्ट तिथे नसतो.

मागच्या टेबलावर पाच लॅपटॉप मांडलेत. खिडकीजवळचा माझा. त्यावर नवा गेम आहे, ठोकळे राखाडी आहेत, दुसऱ्या लेव्हलमध्ये काहीतरी बिघडलंय आणि ते काय ते मला दिसत नाहीये. आज फक्त दोघांनीच खेळा. मी शेजारी वही घेऊन बसते. काही बोलणार नाही.