अंडी दिसतात, अळ्या दिसत नाहीत

लाकडाच्या दोन पट्ट्या, मध्ये एक-दोन मिलिमीटरची फट. वरची पट्टी अलगद उचलली की आत फिक्कट पिवळा पुंजका चिकटलेला दिसतो. एका मादीची ही अंडी, साधारण ५००.

ही ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाची माशी. मूळची अमेरिका खंडातली, पण आता आपल्याकडच्या उकिरड्यावरही आपणहून येते. तिच्या अळ्या ओला कचरा फस्त करतात आणि पुढे कोंबड्यांचं, माशांचं खाद्य होतात. म्हणून लोक ती जाळीच्या पिंजऱ्यात पाळतात. नव्याने सुरू करणाऱ्यांचं घोडं मात्र इथेच अडतं: अंडी भरपूर, अळ्या नाहीत.

ओलावा कमी पडला, असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. त्याआधी भिंग घ्या. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास फळलेल्या अंड्यात अळीच्या डोळ्यांचे ठिपके दिसू लागतात. ठिपके नाहीतच, तर पहिला संशय मीलनावर.

या माश्या जुळतात त्या भरपूर उजेडात. नर पानांवर बसून वाट पाहतात, मादी उडत आली की झेपावतात. सावलीतल्या पिंजऱ्यातली मादीही अंडी घालते, पण ती वांझ. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, तेव्हा उत्पादन बसतं ते यामुळेच. साध्या बल्बने भागत नाही. चीनमधल्या संशोधकांनी २०१० साली क्वार्ट्झ-आयोडीन (प्रखर हॅलोजन) दिव्याखाली मीलन घडवलं, तेही उन्हाच्या तुलनेत सुमारे ६० टक्केच. आपल्याकडे ऊन फुकट आहे. पिंजरा बाहेर काढा.

ठिपके दिसले, तरी अळी नाही? मग हवा कोरडी असणार. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात दुपारची आर्द्रता २५ टक्क्यांच्याही खाली जाते, आणि अंडी सुकून आकसतात. त्यांना ६० ते ७० टक्के आर्द्रता आणि २७ ते ३० अंश तापमान लागतं. तेवढं मिळालं की चौथ्या दिवसाच्या आसपास अळ्या बाहेर पडतात. अंड्यांवर पाणी शिंपडायचा मोह होतो, तो आवरा, बुरशी धरते. त्यापेक्षा अंडी ठेवलेल्या डब्यात ओलं फडकं ठेवा, अंड्यांना न टेकवता.

मादी स्वतः ओल्या कचऱ्याजवळची कोरडी फट शोधते. आपणही तेच करायचं: वर जाळीवर अंडी, खाली भिजवलेला कोंडा. अळ्या आपोआप खाली पडतात. पट्ट्या रोज बदला, तारीख लिहा, नाहीतर लहानमोठ्या अळ्या एकत्र होतात. आणि पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्यांना ही अंडी फार आवडतात.