एडन ते अगालेगा : समुद्रावरचे मुक्काम

मंडळी, 2024च्या जानेवारीत अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलवाल्या मित्राकडे बसलो होतो, त्यानं मोबाईलवर एक नकाशा काढून दाखवला, त्यात एक छोटासा ठिपका आफ्रिकेच्या पार खालच्या टोकाला चालला होता. म्हणाला, हा माझा कंटेनर. न्हावाशेव्याहून युरोपला निघालेला, पण येमेनमधल्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर क्षेपणास्त्रं सोडायला सुरुवात केली आणि कंपन्यांनी सुएझ सोडून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालायला घेतला, दहा-बारा दिवस जास्त आणि भाडं वेगळंच. त्या सुएझच्या वाटेवर बाब-अल-मंदेब नावाची चिंचोळी सामुद्रधुनी आहे, तीसेक किलोमीटर रुंद, म्हणजे आपल्या सोलापूरहून अक्कलकोट जेवढं लांब आहे त्याहून कमी. तिच्या दाराशीच जिबूती हा आफ्रिकेतला छोटा देश बसलाय, आणि चीननं परदेशातला आपला पहिला लष्करी तळ तिथंच उघडला, 1 ऑगस्ट 2017 ला.

आता तळ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तोफा, विमानं येतात. मला विचाराल तर आधी वारी आठवा. माऊलींची पालखी धर्मपुरीला आपल्या जिल्ह्यात येते, मग नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. दिंडीचा ट्रक पुढं गेलेला असतो, तंबू लागलेले, टँकर उभा, भाकरी तयार, म्हणून लाखो माणसं पंढरपुरापर्यंत चालू शकतात. मुक्काम काढून टाका, दोन दिवसांत दिंडी बसेल. युद्धनौकेचं अगदी तसंच आहे बघा, डिझेल, गोडं पाणी, भाजीपाला, इंजिनाची दुरुस्ती आणि खलाशांना चार दिवस जमिनीवर पाय टेकायला जागा, हे नसेल तर कितीही मोठी नौका घरी परत फिरते.

चीनला हे अनुभवानं कळलं. डिसेंबर 2008 मध्ये सोमाली चाच्यांच्या बंदोबस्तासाठी त्यांनी दोन विनाशिका आणि एक पुरवठा जहाज एडनच्या आखातात पाठवलं. ती पहिली तुकडी चार महिने समुद्रावरच होती, पुरवठा जहाज तेवढं येमेनच्या एडन बंदरात जाऊन सामान भरून आणायचं. पुढं येमेनच पेटला, 2015 मध्ये तिथून माणसं काढायची वेळ आली, चीननं आपली काढली, आपणही ऑपरेशन राहतमध्ये 4,600हून जास्त भारतीय आणले, आणि दोघांनाही जिबूतीचाच आधार घ्यावा लागला. परदेशात आम्ही तळ करणार नाही असं जो देश वर्षानुवर्षं सांगत होता, त्यानं दोनच वर्षांत तिथं तळ उघडला.

हा डाव काही नवा नाही, आणि त्यात आपल्या मुंबईचं नाव आहे हे फार कमी लोकांना माहिती असतं. मुंबई-सुएझ मार्गावरच्या आगबोटींना कोळसा भरायला जागा पाहिजे होती, म्हणून कंपनी सरकारनं 1839 मध्ये मुंबईहून जहाजं पाठवून एडन घेतलं. आणि 1932 पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्याखाली होता! म्हणजे सोलापूर आणि एडन एकाच इलाख्यात. वासुदेव बळवंत फडके यांना म्हणूनच एडनच्या तुरुंगात ठेवलं, 1883 मध्ये ते तिथंच गेले.

जिबूतीतला देखावा तर बघण्यासारखा आहे. दहाएक लाख वस्तीचा देश, आणि तिथं फ्रान्स, अमेरिका, जपान, इटली, चीन सगळ्यांचे तळ, जागा देऊन भाडं घेणं हा सरकारचा मोठा उत्पन्नाचा मार्ग. 2014 च्या करारात अमेरिकेनं एकटीनं वर्षाला सुमारे 6.3 कोटी डॉलर कबूल केले. 2018 मध्ये तर चिनी तळावरून आमच्या वैमानिकांच्या डोळ्यांवर लेझर मारला अशी अमेरिकेनं तक्रार केली, चीननं नाकारलं. इतके शेजारी आहेत ते.

चीननं भारताभोवती ओवलेली मोत्यांची माळ म्हणून त्याच्या बंदरांचा, लाल ठिपक्यांचा नकाशा व्हॉट्सॲपवर फिरतो, तो बघून घाबरू नका, पण हसण्यावारीही नेऊ नका. प्रत्येक ठिपका वेगळा आहे. श्रीलंकेतलं हंबनटोटा बंदर 2017 मध्ये चिनी कंपनीकडे 99 वर्षांच्या करारानं गेलं, ते आजही व्यापारी बंदर आहे, पण 2022 मध्ये युआन वांग 5 हे उपग्रह-क्षेपणास्त्रांचा माग काढणारं चिनी जहाज तिथं येऊन थांबलं तेव्हा दिल्लीला घाम फुटला होता. कंबोडियातलं रीम वेगळं, तो त्यांच्या नौदलाचा तळ, तिथं चीननं धक्का बांधून दिला. ठिपका बघून लाल-हिरवं ठरवू नका, धक्क्याची लांबी विचारा, तेलाच्या टाक्या कुणाच्या ते विचारा, करारावर सही कुणाची ते विचारा.

आणि चीनची जहाजं तिकडं जाणार ती बहुतेक मलाक्काच्या सामुद्रधुनीतून, म्हणजे अंदमान-निकोबारच्या अंगावरून, पुढं लक्षद्वीप. मिनिकॉयला आपण मार्च 2024 मध्ये आयएनएस जटायू हा नौदलाचा तळ सुरू केला तो याच हिशोबानं. लढाई पेटली तर घरापासून हजारो किलोमीटरवरचा एकटा तळ सांभाळणं किती अवघड, हे बीजिंगलाही कळतं. म्हणून मला वाटतं की त्यांना शांततेच्या काळातच जास्त फायदा आहे, सतत दिसत राहायचं, सवय लावायची.

तुम्ही विचाराल, आपलं काय? ओमानच्या दुक्म बंदरात आपल्या नौकांना सोय आहे, 2018 पासून. आणि मॉरिशसच्या अगालेगा बेटावर आपण तीन किलोमीटरची धावपट्टी आणि जेट्टी बांधून दिली, 29 फेब्रुवारी 2024 ला उद्घाटन झालं. मॉरिशस म्हणतं तो लष्करी तळ नाही. चीनही जिबूतीला आधी ‘मदत केंद्र’च म्हणत होता, त्यामुळे नावावर मी जात नाही, धावपट्टी किती लांब आहे ते बघतो.

मला ती आपल्याला पाहिजेच वाटते. पण त्या बेटावर तीनशेच्या आसपास माणसं राहतात, नारळावर पोट. त्यांनी हिंदी महासागरातल्याच चागोस बेटांचं ऐकलंय, त्यातल्या दिएगो गार्सियावरच्या अमेरिकन तळासाठी ब्रिटननं 1973 पर्यंत तिथल्या सगळ्या लोकांना उचलून मॉरिशस नि सेशेल्सला नेऊन टाकलं, कित्येकांना पुन्हा घर दिसलं नाही. अगालेगाच्या लोकांना तीच भीती वाटते. जेट्टीवर आपली जहाजं लागतील तेव्हा ती तीनशे माणसं तिथंच, आपापल्या नारळाच्या बागेत असली पाहिजेत, आणि हे आपण आत्ताच, लेखी द्यायला हवं.