आगीपासून चार हात लांब

(दृश्य: वर्कशॉपच्या फरशीवर खडूने आखलेल्या रेषा, शेजारी टेप आणि गुण्या.)

भिंतीतल्या शेगडीभोवती मुलांसाठी संरक्षक जाळी बनवायची आहे, पण लोखंडाला अजून हात लागलेला नाही. आधी माप घेतलं ते दीड वर्षाच्या बाळाचं. टाचा उचलून हात वर केला की बोटं कुठवर पोचतात? पायाचा अंगठा कुठे रुतवून वर चढता येईल? शेगडीची लांबी-रुंदी त्यानंतर.

नुकतं चालायला लागलेलं मूल तोल गेला की समोर येईल त्यावर दोन्ही तळवे टेकवतं. तापलेल्या वस्तूला लागून भाजलेल्या लहानग्यांचे तळहातच जास्त पोळलेले दिसतात ते यामुळे. मोठ्यांचा हात चटका बसताच मागे येतो, मुलाला तेवढंही पटकन सुचत नाही. त्यात कातडी पातळ.

इथे एक गल्लत नेहमी होते. ठिणग्या अडवायला शेगडीच्या तोंडाशी जी बारीक जाळी उभी करतात, तिच्यावरच मुलांच्या बाबतीतही भिस्त ठेवली जाते. ती आगीला इतकी खेटून असते की स्वतःच तापते, आणि धक्का लागला की आडवी होते. मुलासाठी हवी ती भिंतीला जखडलेली, तिन्ही बाजूंनी आणि वरूनही बंद असलेली जाळी. आणि ती आगीपासून पुरेशी लांब.

किती लांब? आग किती मोठी, त्यावर ते ठरतं. ठरवलेल्या रेषेवर दोन विटा ठेवायच्या, त्यांवर सळईचा एक तुकडा, आणि नेहमीसारखी आग तासभर पेटती ठेवायची. मग हाताची मागची बाजू हळूहळू सळईजवळ न्यायची. धग सोसवत नसेल तर रेषा मागे. या तासाभराचा कंटाळा करू नये, कारण एकदा चौकट जुळली की मागे सरकायला जागा उरत नाही.

(दृश्य: कापलेल्या सळया, चौकटीच्या कोपऱ्यावर वेल्डिंगचा पहिला टाका.)

चौकट 10 मिलिमीटरच्या सळईची, जाळी अर्ध्या इंचाची. एवढ्या घरातून मुलाचं बोट जाईल, हात नाही, आणि चढायला पावलाला आधारही मिळणार नाही. आडव्या गजांचा मात्र मोह नको. मुलाला ती आयती शिडी.

लोखंड साधं, काळं घ्यायचं. जस्ताचा मुलामा दिलेली जाळी गंजत नाही म्हणून बरी वाटते, पण वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर उठतो. तो छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो.

कोपरे आधी नुसते टॅक करून, म्हणजे छोट्या टाक्यांनी तात्पुरते जोडून घ्यायचे आणि दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे भरले, म्हणजे चौकट काटकोनात असली, तरच पुढचं पक्कं वेल्डिंग, कारण निवताना जोड लोखंडाला स्वतःकडे ओढतो आणि चौकट तिरकी होते.

(दृश्य: अगदी जवळून, जाळीच्या कडेवरून फिरणारा सुती कापडाचा बोळा.)

जाळी कापली की कडेला तारांची टोकं सुयांसारखी उभी राहतात. ती चौकट आणि पातळ पट्टी यांच्यामध्ये दाबून टाकायची. मग कापडाचा बोळा सगळीकडून फिरवायचा. कुठे धागा अडकला? तिथे काटा आहे. तिथे कानस. वेल्डिंगचे उडालेले थेंबही असेच सापडतात. नजरेला ते चुकतात.

वरची बाजू मुद्दाम उतरती केली आहे. सपाट असती तर कुणीतरी तिच्यावर ओले मोजे वाळत घातलेच असते, आणि मग आगीची सोय आपणच केली.

दाराची कडी वर, मुलाच्या हाताबाहेर. पण एका हाताने उघडणारी, कारण दुसऱ्या हातात लाकडं असणार. कडी त्रासाची असली की दार उघडंच राहतं, हे मी गंजापेक्षा मोठं दुखणं मानतो.

भिंतीतल्या हुकांची भोकं किंचित लांबट ठेवली आहेत. मीटरभर सळई शंभर अंशांनी तापली की सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाढते. तिला सरकायला वाव दिला नाही, तर ती प्लास्टर सैल करत जाते.

या साध्या वस्तूमागे कायदेही आहेत. ब्रिटनमध्ये 1908च्या बालक कायद्यानुसार, सात वर्षांखालच्या मुलाला पुरेशा आडोशाशिवाय उघड्या आगीच्या खोलीत राहू दिलं आणि ते दगावलं किंवा गंभीर भाजलं, तर सांभाळणाऱ्याला दंड होई. पुढे 1952मध्ये आणखी एक कायदा आला आणि हीटर विकणाऱ्यालाच त्यावर जाळी बसवणं भाग पडलं.

(दृश्य: भिंतीला लागलेली काळी जाळी.)

रंग उष्णता सोसणारा. साधा ऑइलपेंट उष्णतेने फुगतो, पोपडे सुटतात, आणि मुलं पोपडे तोंडात घालतात. पहिल्यांदा आग पेटवताना नव्या रंगाचा धूर आणि वास येतो, तेव्हा खिडक्या उघड्या आणि मुलं दुसऱ्या खोलीत.

आता दोन्ही हातांनी जाळी धरून जोरात मागे ओढायची. दोन वर्षांचं मूल साधारण 12 किलोचं असतं आणि ते नुसतं उभं राहत नाही, लोंबकळतं. हुक हलला तर भिंतीतला प्लग (हुक घट्ट धरणारी नळी) काढून जाड बसवायचा. आठवडाभर आग पेटल्यावर हीच ओढाताण पुन्हा एकदा.